टोबीचे कान

आनंदीने हात पुढे केला तो निव्वळ सवयीने. टोबी पायरीशी उभा होता, अंगावरून खाडीचे पाणी निथळत होते आणि तोंडात काहीतरी धरलेले होते. तोंडातली वस्तू तो कधी जमिनीवर टाकत नसे. समोरच्या माणसाने हात पुढे करीपर्यंत मान वर करून तसाच उभा राही, मग किती का वेळ लागेना. तिने हात पुढे केला आणि त्याने तो नारळ अलगद तिच्या तळव्यावर ठेवला. शेंडी ओलीचिंब, करवंटीवर कुंकवाची पिंजर पसरून लालसर ओघळ झालेले. दाताची एक खूण नाही. पाव तासापूर्वी, तापाने फणफणलेल्या लेकीवरून, शुभदावरून, उतरलेला हाच नारळ तिने यशवंतगडाखालच्या खाडीत फेकला होता, आणि अक्कांनी बजावल्याप्रमाणे मागे वळून न बघता तडक घरी आली होती. वळून बघितले असते तर कुत्रा पाण्यात उडी घेताना दिसला असता. पण वळून बघायचेच नव्हते ना.

"टाकलंस मा गो?" माजघरातून अक्कांनी, तिच्या सासूबाईंनी विचारले.

"टाकला," आनंदी म्हणाली. खोटे काहीच नव्हते त्यात. टाकला तर होताच. पुढचे सांगायला मात्र जीभ उचलेना. टोबी शेपूट हलवत शाबासकीची वाट बघत होता. आणि कमाल म्हणजे तिने त्याच्या डोक्यावर थोपटलेदेखील. मग परसातल्या मांगरात, शेणी-सरपणाच्या खोपटात, जाऊन माडाच्या वाळक्या झापांच्या ढिगाखाली तिने नारळ ढकलला आणि विहिरीवर हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले, राख लावून तिसऱ्यांदा धुतले. अक्कांनी निघताना सांगितलेले शब्द त्या हातांवरून काही जाईनात. "कोणाक ओलांडूक दिव नको. उतारो जो उचलता, तेका तां लागता." म्हणजे आधी उचलला टोबीने. आणि नंतर तिने. आता शुभदाच्या अंगातून निघालेले ते जे काही होते, ते दोघांपैकी एकाचे होते.

तिला स्वतःचेच हसू यायला हवे होते. ती गिरगावातली. वडील छापखान्यात, घरात वर्तमानपत्रांची चळत, आणि चाळीच्या कोपऱ्यावर कोणी लिंबू-मिरची टाकली की भावाशी पैज लावून ती मुद्दाम त्यावरून उडी मारायची. लग्न होऊन रेडीला आली तेव्हा अक्कांच्या गाऱ्हाण्यांना आणि नवसांना तिने तोंडदेखले हात जोडले, पण मनातून कधी वाकली नाही. नवराही तसाच मिळाला. विश्राम कंपनीच्या कचेरीत टंकलेखक. खाणीतले लोखंडाचे दगड बार्जमध्ये भरून बाहेर उभ्या असलेल्या जहाजांवर नेण्याचे काम चाले, आणि त्याची इंग्रजी पत्रे विश्राम बडवायचा. दोघे रात्री जेवताना अक्कांच्या देवभोळेपणाची हळू आवाजात चेष्टा करायची. त्या चेष्टेवर तर त्यांचा निम्मा संसार उभा होता. मग पोर पंधरा दिवस तापात पडले. कंपनीचा डॉक्टर म्हणाला मुदतीचा ताप आहे, नव्या गोळ्या दिल्यात, मुदत संपली की उतरेल. कधी संपेल ते काही तो सांगेना. पंधराव्या दिवशी शुभदा आईलाच ओळखीना, आणि अक्का नारळ घेऊन उठल्या. आनंदीने अवाक्षर काढले नाही. विश्राम जहाजाच्या कामावर गेलेला. अक्कांचे गुडघे धरलेले. मग खाडीवर जाणार कोण? तीच गेली. आणि फेकताना मनात अगदी खरेखुरे म्हणाली, जा बाबा, आमच्या घरातून जा, कुठेही जा.

टोबी असा मागे येईल हे तिच्या लक्षात यायला हवे होते. पाणी दिसले की त्याला धरवत नसे, आणि पाण्यात काही पडले की तर नाहीच नाही. तो हॅलिडे साहेबाचा कुत्रा. साहेब दोन वर्षांपूर्वी कायमचा विलायतेला गेला आणि जाताना कुत्र्याची दोरी विश्रामच्या हातात देऊन गेला. विश्रामला साहेबासमोर कधी नाही म्हणता आले होते? दोरीबरोबर एक कागद होता. लॅब्राडोर जातीच्या कुत्र्याची निगा कशी राखावी त्याचा. साहेबाने तोंडी सांगितला आणि विश्रामनेच टंकला, त्यामुळे त्याला तो अथपासून इतिपर्यंत पाठ. पहिले काही दिवस तो जेवताना आनंदीला मराठी करून ऐकवायचा. ही जात पाण्यासाठीच जन्मली आहे, हिला रोज पोहू द्यावे. अंगावर दुहेरी केस असतात, आतल्या मऊ केसांना पाणी लागत नाही, म्हणून गार पाण्याचेही हिला काही वाटत नाही. पण केस झडतात फार, रोज विंचरावे. तोंड मऊ असते; मारलेला पक्षी पाण्यातून आणील तर पीसही मोडणार नाही. हिला पोट भरल्याचे कळत नाही, देऊ तितके खाईल, म्हणून मोजून द्यावे. माणसाशिवाय हिला करमत नाही, एकटी बांधून ठेवू नये. आणि सगळ्यात खाली, साहेबाने दोनदा अधोरेखित करायला लावलेले: पोहून आल्यावर कान उचलून आतून कोरडे करावेत. दर वेळी. न चुकता.

अक्कांनी ते ऐकून कपाळाला हात लावला होता. "ह्यो कुत्रो नाय गो, जावई आसा घरचो," त्या म्हणाल्या होत्या. पण सहा महिन्यांत त्याच लपवून त्याला भाकरीचा तुकडा घालू लागल्या. आणि कानांचे काम आनंदीकडे आले. खाडीवरून आला की टोबी सरळ तिच्या मांडीवर डोके टाकी. ती जुन्या धोतराच्या फडक्याने एक कान उलटा करून पुसायची, मग दुसरा. आतली गुलाबी कातडी ऊनऊन असे. तो डोळे मिटून घ्यायचा. सबंध दिवसात, खरे सांगायचे तर, तेवढाच वेळ तिच्याकडून कोणी काही मागत नसे. शुभदाच्या तापात ते राहून गेले. कुत्रा एकटाच खाडीवर जायचा, एकटाच यायचा, अंग झाडून ओसरीखाली पडायचा. फडके खुंटीवर वाळून कडक झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदाचे कपाळ ओले लागले. घाम. ताप उतरत होता. पोरीने डोळे उघडून पेज मागितली. "उतारलो गो ताप," अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "देवान आयकल्यान." विश्राम म्हणाला गोळ्या लागू पडल्या. आनंदीला आनंदाने रडू यायचे ते आलेच, पण त्याच्या बुडाशी काहीतरी खडा टोचावा तसे टोचत राहिले. पोरीतून गेले, म्हणजे कुठेतरी गेले. गोळ्यांनी गेले असेल तर प्रश्नच मिटला. पण गोळ्यांनी नसेल तर? मांगरात जाऊन तो नारळ पुन्हा लांब नेऊन टाकावा असे दहादा मनात आले, आणि दहादा ती परसाच्या दारातून मागे फिरली. बसलेले आहे ते हलवू नये. पोर पेज पिते आहे, मुकाट्याने पिऊ दे. तिने स्वतःची जीभ आरशात बघायला सुरुवात केली. पाठीत जरा कळ आली की हात थांबायचा. रात्री अंग गरम वाटून ती उठून बसायची, मनगट धरून नाडी मोजायची, आणि शेजारी विश्रामही जागाच असायचा. काय झाले, असे दोघांपैकी कोणी कोणाला विचारीत नसे.

चौथ्या दिवशी टोबी डोके झाडू लागला. आधी वाटले माशी असेल. मग तो मागच्या पायाने उजवा कान खाजवू लागला, खाजवता खाजवता कण्हू लागला. आनंदी तांदूळ निवडत ओसरीवर बसली होती. तिचे हात सुपातच राहिले. आणि तिला बरे वाटले. आधी तिला नीट कळलेच नाही की हे काय वाटते आहे, इतके ते सोपे होते. छातीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवला एवढेच. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर तिने स्वतःला समजावले, की आपण शुभदाचा विचार करतो आहोत. आपल्याला काही झाले तर पोरीचे कोण करणार? अक्का थकल्या, विश्रामला तर चहासुद्धा धड करता येत नाही. हे सगळे खरेच होते. आणि हे सगळे तिला झोप लागल्यानंतर सुचले होते, हेही खरे होते.

कान तिने उचलून बघितला नाही असे नाही. सातव्या दिवशी बघितला. आत तपकिरी मळ साचला होता, वास येत होता. कागदावर काय लिहिले होते ते तिला विश्रामइतकेच पाठ होते. कचेरीत सांगून कंपनीच्या ट्रकातून शहरात, वाडीला, गुरांच्या दवाखान्यात न्यायचे, बस. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण औषध घातले आणि त्याचे गेले, तर ते जाणार कुठे? हा प्रश्न मनात पुरता उमटायच्या आधीच तिने कान खाली सोडला. टोबीने तिचा हात चाटला. त्याच दुपारी ती मनाचा हिय्या करून मांगरात गेली आणि झापांचा ढीग उचलला. नारळ नव्हता. तिने सगळे झाप एकेक करून बाजूला केले, कोपऱ्यातल्या शेणी उपसल्या. नव्हताच. घुशीने नेला असेल, टोबीने नेला असेल, असे म्हणत ती घरात आली. अक्कांना विचारणे शक्य नव्हते, विश्रामला विचारायचे तर सगळेच सांगावे लागले असते. त्या दिवसापासून तिला मांगराच्या अंगाला पाठ करून बसवेना.

शुभदा उठून बसली, भिंत धरून चालू लागली, टोबीच्या गळ्यात पडू लागली. "आई, त्याचा कान दुखतोय," ती म्हणायची. "होईल बरा," आनंदी म्हणायची. आणि विश्रामही म्हणायचा, होईल बरा. एरवी कागदातली वाक्येच्या वाक्ये घोकणारा हा माणूस, कुत्र्याने पायरीवर जरा लंगडून पाय टाकला तरी साहेबाची आठवण काढणारा, आता ताटात मान घालून भात कालवायचा. तिला त्याचा रागही आला. याने तरी म्हणावे, चल नेऊ या. आपल्याला नाही म्हणता येणार नाही. पण तो म्हणेना, आणि दिवस जात राहिले. टोबी मान एका अंगाला कलती धरून चालू लागला. हाक मारली की भलत्याच दिशेला बघायचा. मग एके दिवशी त्याने जेवण सोडले. देऊ तितके खाणारी जात, आणि ताटली हुंगून तोंड फिरवले. अक्का भाकरी घेऊन त्याच्यापुढे बसल्या, "खा रे पुता, खा," म्हणत राहिल्या. आनंदी आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. करायचे काही नव्हते तिथे, नुसती उभी राहिली.

सव्विसाव्या दिवशी, ऊन कलल्यावर, शुभदाला पहिल्यांदा खाडीपर्यंत फिरवून आणायचे ठरले. टोबी मागोमाग आला, वाकडा वाकडा, दोनदा कलंडून पुन्हा उठत. भरती होती. पलीकडच्या तेरेखोलच्या गडावर पोर्तुगीजांचे निशाण फडफडत होते, बाहेर जहाज उभे होते, आणि किनाऱ्याचे पाणी लोखंडाच्या मातीने विटकरी झाले होते. पाणी बघून टोबीचे कान, जेवढे उचलायचे तेवढे, उचलले गेले. आनंदीने हाक मारली ती त्याला ऐकू गेली नाही. तो पाण्यात शिरला आणि पोहू लागला, आणि तिच्या डोळ्यांदेखत गोल फिरू लागला. सरळ जायचा प्रयत्न करी आणि पुन्हा उजवीकडे वळे, पुन्हा वळे, प्रत्येक फेरीत तोंड थोडे अधिक पाण्याखाली. पाण्यासाठी जन्मलेले जनावर. "आई, तो बुडतोय," शुभदा म्हणाली, ओरडून नाही, नवल वाटल्यासारखे. आनंदी लुगड्यासकट पाण्यात गेली. छातीएवढ्या पाण्यात तिने त्याला कवेत घेतले, तेव्हा त्याने धडपड केली नाही, ओरबाडले नाही. मान तिच्या खांद्यावर टाकली आणि आपले सगळे वजन तिच्यावर सोडून दिले. तिला वाटले आता आपणच खाली जाऊ. आणि त्या क्षणी, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तिला जायची भीती वाटली नाही. फक्त लाज वाटली.

रात्री तिने विश्रामला एवढेच सांगितले, "उद्या वाडीला नेऊ या." तो लगेच म्हणाला, "नेऊ या." दोघे इतके दिवस याच वाक्याशी येऊन अडली होती.

दवाखान्यातला डॉक्टर घाटावरचा, तरुण, बैलांच्या खुरांना कंटाळलेला. असला कुत्रा बघून आधी तो खूष झाला, मग कान उलटवून बघताच त्याने कापूस ओढला. कापसाचे बोळे एकामागून एक घाण होऊन बाहेर येऊ लागले. टोबी थरथरत होता, पण दात लावला नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते, डॉक्टर काम करता करता सांगत होता, ती खाली उतरून आत वळते. त्यात याचे कान लोंबते, वर झाकण घातल्यासारखे. आत गेलेले पाणी तिथेच कुजते. हे बाहेरून आत गेले आहे, तोल सांभाळायची जागा आहे तिथवर. तोल सुधारेल, पोहायला मात्र तूर्त न्यायचे नाही. ऐकू येणे गेले ते गेले. डावा कानही गेल्यातच जमा. मग त्याने हात धुतले आणि फडक्याला पुसत विचारले, "सुरुवातीला आणला असता तर आठ दिवसांच्या थेंबांचं काम होतं. डोकं झाडत असेल, खाजवत असेल, वास येत असेल. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"माझ्या आलं होतं," आनंदी म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे बघितले, मग विश्रामकडे. विश्राम भिंतीवरच्या गुरांच्या रोगांच्या तक्त्याकडे बघत होता. "माझ्याही," तो म्हणाला.

परत येताना ट्रकाच्या मागच्या फळीवर दोघे बसली होती, मध्ये टोबी पाय पसरून. आंब्याला मोहोर होता, त्याच्यावर रस्त्याची लाल धूळ. मग विश्राम, पलीकडच्या कुंपणाकडे बघत, कचेरीतल्या सपाट आवाजात सांगू लागला. न्हाणीच्या आडोशाला झाप हवे होते म्हणून तो मांगरात गेला होता. शुभदाचा ताप उतरला त्याच दिवशी. ढिगाखाली हात घातला आणि हातात नारळ आला. उजेडात आणल्यावर पिंजर दिसली. आईचे पिंजर लावणे त्याला ओळखू येत होते, आणि खाडीतून वस्तू घरी कोण आणतो तेही. "दुसऱ्या दिवशी बार्जवरून नेऊन भर समुद्रात टाकला," तो म्हणाला. "पण उचलला तर होता ना. मग तो कान खाजवायला लागला. मी म्हटलं, सुटलो." थोड्या वेळाने म्हणाला, "मला झोप लागायला लागली, आनंदी. आजवर लागली नव्हती इतकी."

"मलाही," ती म्हणाली. ज्या माणसाबरोबर तिने इतकी वर्षे अक्कांना हसून काढली, त्याच्याकडे बघण्याची तिची छाती होईना. त्याचीही होत नसावी. ट्रकचा भोंगा कर्कश वाजला, रस्त्यावरची म्हैस दचकून बाजूला झाली, आणि टोबी दोघांच्या मध्ये शांत डोळे मिटून पडून होता.

घरी पोचली तेव्हा शुभदा ओसरीवर वाट बघत होती. तिने हाक मारली. टोबी आपला जमीन हुंगत चालला. तिने पुन्हा मारली, मग तिसऱ्यांदा. "त्याला आता ऐकू येत नाही," विश्राम म्हणाला. अक्का दारात आल्या. त्यांनी त्याच्या कलत्या मानेकडे, कानातल्या कापसाकडे बघितले, खाली वाकून दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली आणि त्यांचे डोळे भरून आले. "मुक्या जनावरान घेतल्यान गो सगळां आपल्यार," त्या म्हणाल्या. "चेडवाचां होतां तां तेणां घेतल्यान. असो कुत्रो नशिबान मिळता." शुभदाने आधी आजीकडे बघितले, मग आईकडे. तिचा चेहरा आजाराने एवढासा झाला होता, त्यात नुसते डोळे.

"माझा ताप त्याने घेतला?" ती म्हणाली. "माझ्यामुळे त्याला ऐकू येत नाही?"

हो म्हटले की झाले असते. अक्कांनी तर पाट मांडूनच दिला होता, त्यावर नुसते बसायचे होते. टोबी घरचा देव झाला असता, त्याला रोज पहिला घास गेला असता, पोर त्याच्यावर जन्मभर माया करत राहिली असती, आणि या घरात पुन्हा कोणी काही विचारले नसते. विश्रामने मान वर करून आनंदीकडे बघितले. तो नको म्हणत होता की सांग म्हणत होता ते तिला कळले नाही.

"नाही," आनंदी म्हणाली. "तुझा ताप तुझाच होता, तो गोळ्यांनी गेला. त्याच्या कानात पाणी राहिलं. मला दिसत होतं. बाबांना दिसत होतं. आम्ही त्याला औषध घातलं नाही."

"कित्याक?" अक्कांनी विचारले.

"आमच्यावर येऊ नये म्हणून."

अक्का दाराची चौकट धरून खाली बसल्या. शुभदा आईकडे वळली. "किती दिवस?" तिने विचारले.

"बावीस," आनंदी म्हणाली. तिला मोजावे लागले नाहीत.

शुभदाने मान हलवली, गणिताचे उत्तर बरोबर आल्यावर हलवायची तशीच. मग ती ओसरीवरून उतरली. आईजवळून जाताना तिने परकर जरासा आवरून घेतला, आणि अंगणाला लांबचा वळसा घालून टोबीच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याला दिसेल अशी.